उमेंद्रचं कच्चं हत्यार

सकाळी देवपूजा आटोपून, तुळशीला पाणी घालून मी आत आले की माझा दीर उमेंद्र रोज एकच प्रश्न विचारायचा. "भाभी, आज कोणतं आलं?"

मग मी पदराला हात पुसत त्याच्या टेबलाशी जायची आणि लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत जो आकडा असायचा तो त्याला वाचून दाखवायची. आकडा लांबलचक, मधे मधे टिंबं, आणि शेवटी तारीख. तारीख बहुतेक कालची असायची, कारण जिथं ते बनत होतं तिथला कालचा दिवस आपल्या सकाळी संपतो. पुढे तो एकेक गोष्ट करून बघायचा आणि काय चाललं, काय बिघडलं ते मला सांगायचा. मी रोज वही लिहिते. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण गेलं, एवढंच. त्याच्या सांगण्यावरून दोन वर्षं त्या वहीत हे आकडेही उतरवले. "आवाज बरा. शोधून द्यायचं बंद पडलं." "आज उघडलंच नाही, कालचंच ठेवलं." अशा नोंदी एकादशीच्या नोंदीखाली आहेत. आज त्याच वह्या समोर घेऊन त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे.

उमेंद्र कन्हैयालाल पटले, वय चौतीस. आम्ही गोंदियाजवळ कुडव्याला राहतो. मूळ गाव गोरेगाव तालुक्यात, तिथं धानाची शेती आहे. माझे मिस्टर लीलाधर रोज मोटारसायकलनं गावी जाऊन शेती बघतात. घरात आम्ही आमची पोवारी बोली बोलतो, बाहेर निघालं की हिंदी-मराठी जे तोंडात येईल ते. मी लग्न होऊन आले तेव्हा उमेंद्र अकरा वर्षांचा होता. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या अंगावर ताकाची भरली गंजी घेऊन आदळला, आणि सासूबाई म्हणाल्या, "हा असाच आहे, धांदरट. दिवस बुडाला का याचे पाय फुटतात." संध्याकाळी शेतातून येताना तो धुऱ्यावरून, शेताच्या कडेवरून, हमखास खाली धानाच्या बांधीत पडायचा. चिखलानं माखून यायचा आणि स्वतःच हसायचा. आम्हीही हसायचो.

माझे सासरे, कन्हैयालालजी, तेही असेच चालायचे. अंधार पडला की भिंतीला हात लावत घरी यायचे. मोहफुलांच्या दिवसांत गावात कोण पिते, कोण नाही, याची चर्चा चालते, आणि त्यांचं नाव पिणाऱ्यांत घेतलं जायचं. त्या माणसानं आयुष्यात एक थेंब घेतला नाही. ते गेल्यावर सहा वर्षांनी नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं उमेंद्रच्या रोगाचं नाव सांगितलं आणि म्हटलं की हे घराण्यात उतरते, वडिलांना असेल. आधी रात्रीचं दिसणं जाते. मग बाजूंनी अंधार चढत चढत मधे येतो. औषध नाही.

तेव्हा उमेंद्र पुण्याला एका कंपनीत प्रोग्राम लिहायच्या कामाला होता. त्यानं ते कागद कोणालाच दाखवले नाहीत. लॉकडाउनमध्ये घरी आला, कंपनीनं घरूनच काम करायला सांगितलं, आणि तो परत गेलाच नाही. सासूबाईंनी तिकडे सालेकशापर्यंत मुली बघितल्या. त्यानं एकेकीला नाही म्हटलं आणि कारण कोणालाच सांगितलं नाही.

मला कळलं ते पाण्याच्या गिलासामुळे. मी त्याच्या डाव्या हाताशी गिलास ठेवला आणि सांगितलंही, पाणी ठेवलं. त्यानं समोर हात फिरवला, उजवीकडे फिरवला आणि शेवटी कोपरानं तो पाडला. मी फडकं घेऊन पुसायला बसले तर तो म्हणाला, "भाभी, दार लावून घ्या." दार लावल्यावर सगळं सांगितलं. पोंगळीतून, बारीक नळीतून, बघावं तेवढंच आता मधलं दिसते, एका वेळी एक शब्द. कंपनीला माहीत नाही. आई-दादाला माहीत नाही. सांगितलं तर त्याच दिवशी काम जाईल. मला त्यानं आईची शपथ घातली. शपथ मी मोडली नाही, पण सांभाळली ते चांगलं केलं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

मी त्याला विचारलं की दिसत नाही तर तू काम करतो कसा. तेव्हा त्यानं मला त्या कच्च्या हत्याराबद्दल सांगितलं.

प्रोग्राम लिहिणारे लोक ज्यात लिहितात, चुका शोधतात, दुरुस्त करतात, असं एक सॉफ्टवेअर असते. "सुताराचा रंधा तसं हे माझं हत्यार आहे, भाभी," तो म्हणाला. परदेशातले काही लोक ते हत्यार बनवतात. त्याची पक्की आवृत्ती चार-सहा महिन्यांनी निघते, सगळं तपासून, पुसून. पण बनवणाऱ्यांचं काम रोज चालू असते, आणि दिवसभर जे झालं ते जसंच्या तसं, अर्धवट, ते रोज बाहेर ठेवून देतात. ज्याला हवं त्यानं घ्यावं, बिघडलं तर आमची जबाबदारी नाही असं स्वच्छ लिहून. उमेंद्र ते रोजचं कच्चं घ्यायचा.

कारण एकच होतं. त्या कच्च्यात एक नवी सोय येत होती. तुम्ही ज्या ओळीवर असाल ती ओळ एका बाईचा आवाज कानात वाचून दाखवायचा. चूक असलेल्या ओळीजवळ आलात की बारीक टुंग वाजायचं, आणि जवळ जाल तसा सूर चढायचा. सगळ्या पडद्यावर ज्याला एकच शब्द दिसतो त्याला लाल रेघ शोधत बसायची गरज उरत नव्हती. वाचून दाखवणारी दुसरी सॉफ्टवेअरं मिळतात, पण कंपनीच्या मशीनवर ती टाकायची तर अर्ज करा, कारण लिहा. हे हत्यार कंपनीनंच दिलेलं होतं. तो कच्चं वापरतो की पक्कं, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. कानात हेडफोन दिसला तर लोकांना वाटायचं गाणी ऐकते.

फुकट घेत नव्हता तो. जे बिघडलेलं दिसेल ते रोज त्या बनवणाऱ्यांना लिहून कळवायचा. त्याच्यासाठी ते व्रतासारखंच होतं, आंघोळीआधी कळवणं झालंच पाहिजे. तिकडचा एक माणूस त्याला उत्तर द्यायचा. कुडव्याच्या चौकात आमच्या उमेंद्रला फारसं कोणी ओळखत नाही, पण तिकडे पाच-सहा माणसं त्याच्या पत्राची वाट बघायची.

सुरुवातीला तो आवाज त्याचं नाव "यूमेंडर" असं वाचायचा. उमेंद्रनं कळवलं. चार दिवसांनी सकाळी त्यानं मला हाक मारली, हेडफोन काढला आणि म्हणाला, ऐका. ती बाई स्पष्ट म्हणाली, "उमेंद्र." माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"ही कोण बाई तुले नावानं हाक मारून राहिली?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसातली आहे, माय."

"बोलते तं चांगली. हिच्यासंगच लगन कर मंग, माह्या पायाची फेरी तरी वाचन."

उमेंद्र त्या दिवशी पोट धरून हसला. वहीत त्या तारखेला नुसतं 'नाव बरोबर' एवढं लिहिलेलं आहे.

मला त्या कच्च्याचा राग यायचा, कारण महिन्यातून दोनदा तरी ते त्याला दगा द्यायचं. सकाळी उघडायचंच नाही, किंवा आवाज भलत्याच ओळी वाचायचा. मग त्याचं तोंड उतरायचं आणि मागच्या दिवसाचं परत बसवेपर्यंत तो जेवायला उठायचा नाही. एकदा मी बोललेच. नवं धान देवापुढे ठेवल्याशिवाय आपल्या घरी कोणी तोंडात घालत नाही, आणि तू रोज उठून कच्चं खातो, असं म्हटलं.

"नैवेद्याची भाजी तुम्ही चाखून पाहता का?" त्यानं विचारलं.

"देवाच्या आधी चाखतात का रे?"

"म्हणूनच कधी कधी मीठ जास्त होते, भाभी. मी ती चाखणारा आहे. कच्चं आहे तोवर सांगितलं तं ते लोक बदलवतात. पक्कं झाल्यावर कोण आयकते?"

पण मनात मी ठरवून टाकलं की हा कच्च्यावर दिवस काढतो आहे आणि एक दिवस पक्कं येईल तेव्हा याचा जीव निवांत होईल. हा समज माझा मीच करून घेतला.

गेल्या भाद्रपदात गणपती उठले त्या आठवड्यात उमेंद्रनं सकाळी हाक मारणं बंद केलं. मी स्वतःच गेले आणि विचारलं की आज आकडा वाचायचा नाही का.

"नाही. आता रोजचं घेत नाही. हेच ठेवतो काही दिवस."

"पक्कं येणार आहे का?"

"हो, येणार आहे," तो म्हणाला.

"मग त्याचीच वाट पाहून राहिला ना?"

"हो. तसंच समजा."

खरं काय होतं ते मला पुढे महिन्यानं कळलं. तिकडच्या लोकांनी ठरवलं होतं की आवाजाचं काम अजून नीट झालेलं नाही. येणाऱ्या पक्क्या आवृत्तीत तो घालायचा नाही, आणि रोजच्या कच्च्यातूनही सध्या काढून टाकायचा, मागून कधीतरी नव्यानं लिहायचा. उमेंद्रनं त्यांना तीन पत्रं लिहिली. मोठ्या आदरानं उत्तरं आली, पण निर्णय तोच राहिला. म्हणून आवाज असलेलं शेवटचं कच्चं त्यानं धरून ठेवलं होतं आणि पुढचं काही येऊ देत नव्हता. हे मला सांगितलं असतं तर मी घाबरले असते, म्हणून त्यानं सांगितलं नाही. आणि मी त्याच संध्याकाळपासून देवापुढे दिवा लावताना मागू लागले की आमच्या बाबूचं, उमेंद्रचं, पक्कं लवकर येऊ दे. सलग तीन गुरुवार मागितलं.

दसरा गुरुवारी आला. लीलाधर आणि उमेंद्र सकाळीच गावी गेले, तिथल्या देवघरातली पूजा घरच्या पुरुषांनी करायची असते. इथली मी करते. विळा, पावशी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मग आठवलं की उमेंद्रचं हत्यार राहिलं.

तो त्याला हत्यार म्हणतो, तर दसऱ्याला त्याची पूजा नको का? आधीच्या दोन दसऱ्यांना मी मिटलेल्या लॅपटॉपवरच कुंकू लावलं होतं. या वेळी वाटलं, उघडून आतही एक बोट लावावं. झाकण उघडलं तर पडदा जागाच होता, आणि मधोमध एक चौकट. इंग्रजी मला वाचता येते, दोन वर्षं त्याच्यासाठी तेच केलं होतं. लिहिलं होतं की नवी पक्की आवृत्ती तयार आहे, आता लावायची का. खाली दोन बटणं, होय आणि नंतर.

मी तिथंच खाली बसले. दुपारचे सव्वादोन वाजले होते, विजयमुहूर्त चालू होता. महिनाभर ज्याच्यासाठी दिवा लावला ते दसऱ्याच्या दिवशी, मुहूर्तावर, पूजेचं ताट हातात असताना समोर येऊन विचारत होतं. मला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. त्यानं मला सांगून ठेवलेलं होतं की काही विचारलं तर मला सांगा, स्वतः दाबू नका. दोन वर्षांत मी कधी काही दाबलं नव्हतं. फोन करावा असं मनात आलं, पण ते पूजेत असतील, आणि मुहूर्त टळेल. मी देवाचं नाव घेतलं आणि होय दाबलं.

एक पट्टी सरकली. ते बंद झालं, पुन्हा उघडलं. दिसायला अगदी तसंच होतं. कोपऱ्यातला आकडा मात्र आता लहान होता, मागे तारखेचं शेपूट नव्हतं. मला तो आकडा फार सुंदर वाटला. अक्षता वाहिल्या आणि झाकण मिटलं.

संध्याकाळी दोघं सोनं घेऊन आले, मग शेजारपाजारचे लोक सोनं द्यायला येत राहिले. घरात माणसं असताना त्या गोष्टी बोलायच्या नाहीत असा आमचा नियम होता. वाटलं, सकाळी निवांत सांगू, त्याचं तोंड पाहण्यासारखं होईल.

दर शुक्रवारी त्याची ऑफिसची मीटिंग असते, अकराला. त्या शुक्रवारी ग्राहकाकडचे लोकही बघायला बसणार होते, म्हणून ती नऊवर आणली होती. हे मला माहीत नव्हतं. मी आंघोळ करून देवापुढे बसले होते. पूजा झाली, प्रसादाची वाटी घेऊन त्याच्या खोलीकडे गेले तर तो पडद्याला नाक लावून बसलेला. हेडफोन काढून टेबलावर टाकला होता, त्याला वाटलं तोच बिघडला. त्यामुळे पलीकडचं सगळं बोलणं खोलीत ऐकू येत होतं.

त्याच्या वरच्या हर्षा मॅडम बोलत होत्या. पुण्याच्या आहेत, बोलायला गोड. चौऱ्याऐंशी नंबरच्या ओळीत चूक आहे, तेवढी सगळ्यांसमोर दुरुस्त करून दाखव, म्हणजे पुढे जाऊ, असं त्या सांगत होत्या. दोन मिनिटांचं काम होतं.

"लाल रेघ दिसते ना, उमेंद्र?"

"हो."

तो बटणं दाबत होता. वर, खाली, वर. आवाज येत नव्हता, टुंग वाजत नव्हतं. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दारातून दिसत होता.

"समोरच आहे बघ. दिसली?"

"हो, दिसली."

"मग काढ की ती ओळ."

त्यानं एक ओळ काढली. मग कोणीतरी इंग्रजीत हळूच काहीतरी विचारलं, आणि मॅडमचा आवाज बदलला. ती ओळ नव्हती. त्यानं खालची, चांगली ओळ काढली होती, आणि ग्राहकाला दाखवायला चालू ठेवलेलं सगळं काम तिथल्या तिथं थांबलं. उमेंद्र म्हणाला की इकडचं नेट गेलं, आणि झाकण मिटलं. नेट गेलेलं नव्हतं.

मग त्यानं मान न वळवता विचारलं, "भाभी, याले कोणी हात लावला?"

मी म्हटलं, "मी लावला, बाबू. काल पक्कं आलं होतं. दसरा होता."

"पक्क्यात तो आवाज नाही, भाभी."

"पक्क्यात कसा नसन?"

"जे पुरं झालं नाही ते पक्क्यात टाकत नाहीत."

माझ्या हातात प्रसादाची वाटी होती. ती कुठं ठेवावी ते मला कळेना.

महिन्यापूर्वीचं ते कच्चं आता बाहेर ठेवलेलं नव्हतं, तरी परत मिळालं. तिकडच्या त्या माणसानं आपल्याजवळचं शोधून पाठवलं, पण रविवार उजाडला. सोमवारी सकाळी उमेंद्रनं आवाज लावून पाहिला, बरोबर वाचत होता. दहा वाजता हर्षा मॅडमचा फोन आला की सध्या मशीन वापरू नको, चौकशी होईल. त्याच्या लॅपटॉपवर काय काय होतं ते कंपनीनं तिकडूनच तपासलं आणि दोन वर्षांच्या रोजच्या कच्च्या आवृत्त्यांची यादी त्यांच्या हाती लागली. कारण विचारलं. तेव्हा उमेंद्रनं नागपूरचे कागद पाठवले आणि जे होतं ते लिहिलं.

मॅडमचा पुन्हा एकदा फोन आला, या वेळी त्यांच्या स्वतःच्या नंबरवरून. आधीच का सांगितलं नाहीस, असं त्या विचारत होत्या. उमेंद्र म्हणाला, "सांगितलं असतं तर ठेवलं असतं का, मॅडम?" मग त्या म्हणाल्या की मी वर बोलून बघते. त्या बोलल्याही असतील.

कार्तिकात पत्र आलं. मी ते त्याला वाचून दाखवलं. परवानगी नसलेलं, अपुरं, कच्चं सॉफ्टवेअर कंपनीच्या कामात वापरल्यामुळे तुमची सेवा संपवण्यात येत आहे, असं त्यात होतं. डोळ्यांचा एक शब्दही नव्हता. उमेंद्रनं मला ते दोनदा वाचायला लावलं. डोळ्यांचं कुठं काही आहे का, नीट बघा, म्हणाला. मी नाही म्हटलं. "म्हणजे डोळ्यासाठी काढलं असंही म्हणता येत नाही," एवढंच बोलला.

घरात सांगावंच लागलं. लीलाधर उठून बाहेर गेले आणि मोटारसायकल सुरू करून कुठं तरी निघून गेले. दोन तासांनी परत आले, डोळे लाल होते. कुठं जातात एवढं सांगून गेले असते तर बरं झालं असतं. सासूबाई खाटेवर बसून होत्या. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याले मी बी पेताड म्हणली होती, बहू. गावच्या लोकायसारखीच. तो शपथा घेत होता, अना मी तोंड सुंगत होती त्याचं."

त्या दिवशी चूल उशिरा पेटली.

मी उमेंद्रची माफी मागितली. तो म्हणाला की तुमची चूक नाही. "वाट पाहून राहिलो असं मी खोटं बोललो, तुम्ही ते खरं धरलं. एवढंच झालं, भाभी." तो हे मनापासून बोलला, मला ठाऊक आहे. पण तेव्हापासून तो मला काही वाचून मागत नाही. त्याच्याकडे कॉलेजच्या वेळचा जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर तो आजही सकाळी रोजचं कच्चं घेतो, आवाज परत आला का बघतो, आणि नसला की त्या लोकांना लिहितो. नोकरी गेल्याचं त्यांना कळवलं नाही. दुसरीकडे अर्ज केले आहेत, त्यात डोळ्यांचं लिहिलं आहे. सात अर्ज झाले, एकाचंही उत्तर नाही. मी पूजा करते, दिवा लावते, पण मागत काही नाही. काय मागावं आणि ते कोणत्या रूपात पुढे येईल, याची मला भीती वाटते.

मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी लॅपटॉप परत पाठवायला आम्ही दोघं गोंदियाला गेलो. कुरियरवाल्याचं दुकान बाजारात, दोन पायऱ्या चढून वर. मी स्कूटी लावली. इतकी वर्षं त्याच्यासोबत बाहेर जाताना मी एक पाऊल पुढे चालायची आणि पायरी आली की मुद्दाम खोकायची, म्हणजे लोकांना कळू नये. सवयीनं त्या दिवशीही खोकले. तो चढला.

दुकानात गर्दी होती. मुन्नालाल नावाचा माणूस वजन करत होता, पावत्या फाडत होता, फोनवर कोणाला तरी झापत होता. त्यानं खोका चिकटपट्टीनं बांधला, आत काय आहे ते विचारून लिहिलं आणि कागद उमेंद्रपुढे सरकवला. उमेंद्रनं पेन घेतलं आणि कागदाच्या कडेला, अर्धी टेबलावर जाईल अशी सही करायला लागला.

"यहाँ नहीं भाऊ, इथं, चौकटीत," मुन्नालाल म्हणाला. "दिसत नाही काय?"

आपल्याकडे हे कोणीही कोणालाही म्हणते. मी घाईनं पुढे झाले, काहीतरी सांगणार होते, चष्मा घरी राहिला म्हणून.

"नाही," उमेंद्र म्हणाला. "मले दिसत नाही."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मुन्नालालनं कानावरचा फोन खाली ठेवला. उमेंद्रकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पहले बताना था ना, भैया," तो हळू आवाजात म्हणाला, आणि उमेंद्रचं बोट धरून चौकटीच्या कोपऱ्यावर टेकवलं. उमेंद्रनं सही केली. बरोबर चौकटीत झाली. खोका मागच्या ढिगावर गेला.

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांवर आलं. उमेंद्र पायरीच्या तोंडाशी थांबला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खोकले नाही.

"पायरी आहे, बाबू."

"किती?"

"दोन."